गिट इन्स्टॉल करायच्या इतक्या पद्धती आहेत, त्यातली नेमकी कोणती निवडावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी विंडोज 11 चा लॅपटॉप, भावाकडे जुना मॅकबुक, कॉलेजच्या लॅबमध्ये उबुंटू. प्रोजेक्टसाठी तिन्हीकडे गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारा प्रोग्रॅम, लागणार. शोधायला गेलात तर कुणी इन्स्टॉलर डाउनलोड करा म्हणतं, कुणी विंगेट (विंडोजचं प्रोग्रॅम बसवणारं साधन), कुणी डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतलं लिनक्स), कुणी सरळ गिटहब डेस्कटॉप (गिटहब या साइटचं खिडकीवालं ॲप) घ्या म्हणतं. यातलं काय निवडायचं, आणि त्याने खरंच फरक पडतो का?

फरक पडतो, पण गिट कसं चालतं यात नाही. कुठल्याही वाटेने आणलंत तरी आतला प्रोग्रॅम तोच. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 च्या एप्रिलमध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी तो लिहायला घेतला आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून जुनिओ हमानो तो सांभाळत आहेत. फरक कळतो तो काही महिन्यांनी, नवी आवृत्ती येते तेव्हा. तिची खबर कोण ठेवणार आणि ती बसवणार कोण? आमच्या टीममध्ये नव्याने येणाऱ्या मुलामुलींची मशीन बऱ्याचदा मीच लावून देते, आणि त्यातून माझं मत ठाम झालं आहे. तुमच्या संगणकावर बाकीचे प्रोग्रॅम ज्या वाटेने येतात आणि अपडेट होतात, त्याच वाटेने गिटही आणा. आणि एका मशीनवर गिटची एकच प्रत ठेवा.

अपडेटवर मी एवढा भर का देते? 2024 च्या मे महिन्यात गिटमधली एक गंभीर त्रुटी जाहीर झाली. कुणी मुद्दाम तशी रचलेली रेपॉझिटरी (प्रोजेक्टचं इतिहासासकटचं फोल्डर) तुम्ही सबमॉड्यूलसकट, म्हणजे आत जोडलेल्या दुसऱ्या रेपॉझिटरींसकट, क्लोन केली, म्हणजे आपल्या मशीनवर उतरवली, तर क्लोन होता होताच तिच्यातला कोड तुमच्या मशीनवर चालू शकत होता. फाइलच्या नावातली लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरं एकच मानणाऱ्या सिस्टिमना, म्हणजे मुख्यतः विंडोज आणि मॅकला, हा धोका होता. 2.45.1 मध्ये आणि सोबत आलेल्या जुन्या मालिकांच्या आवृत्त्यांमध्ये तो बंद झाला. विद्यार्थी तर रोज अनोळखी लोकांचे प्रोजेक्ट क्लोन करून बघतात. म्हणून जुनं गिट तसंच पडून राहणं मला खरोखर चिंतेचं वाटतं.

पुढे जाण्याआधी एक सूचना. खाली कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या लहान इंग्रजी अक्षरांत करा. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. सर्वांत आधी टर्मिनल उघडून हे बघा:

गिट --व्हर्जन

आकडा दिसला तर गिट आधीच आहे. तो 2.23 पेक्षा जुना असेल तर नक्की बदला, कारण 'गिट स्विच' आणि 'गिट रिस्टोअर' या शिकायला सोप्या कमांड ऑगस्ट 2019 मधल्या त्या आवृत्तीपासूनच आहेत. सेंटओएस 7 या जुन्या लिनक्सवर चालणाऱ्या मशीनवर तर 1.8.3 सुद्धा भेटतं, आणि मग पुस्तकातली अर्धी उदाहरणं चालतच नाहीत.

आता तुमचा विंडोजचा लॅपटॉप. विंडोजवर गिट स्वतःहून नसतं. तिथे 'गिट फॉर विंडोज' नावाचा वेगळा प्रकल्प ते बांधून देतो. त्याचे मुख्य सांभाळकर्ते योहानेस शिंडेलीन आहेत, त्यामुळे इन्स्टॉलर चालवताना परवानगीच्या खिडकीत त्यांचं नाव दिसलं तर घाबरू नका, ते बरोबर आहे. इन्स्टॉलर फक्त गिट-एससीएम डॉट कॉम किंवा गिटफॉरविंडोज डॉट ऑर्ग इथूनच घ्या. शोधात वर येणाऱ्या 'फ्री डाउनलोड' साइटवरून कधीही घेऊ नका.

विंडोज 11 मध्ये विंगेट आधीपासून असतं, म्हणून माझा कल तिकडे आहे. 'गिट.गिट' मधले दोन्ही 'जी' मात्र मोठ्या अक्षरांत:

विंगेट इन्स्टॉल --आयडी गिट.गिट -ई --सोर्स विंगेट

आणि पुढे कधीही:

विंगेट अपग्रेड --आयडी गिट.गिट

विंगेट पडद्यामागे तोच अधिकृत इन्स्टॉलर आणतं आणि काही न विचारता मूळ पर्यायांनी बसवतं. चॉकलेटी आणि स्कूप हे पॅकेज मॅनेजरही (प्रोग्रॅम आणून बसवणारी आणि अपडेट करणारी साधनं) हेच काम करतात. ते तुम्ही आधीपासून वापरत असाल तर त्यातूनच घ्या, पण फक्त गिटसाठी नवा पॅकेज मॅनेजर लावण्याचं कारण नाही. इन्स्टॉलर हाताने चालवला असेल तर अपडेटसाठी 'गिट अपडेट-गिट-फॉर-विंडोज' ही कमांड आहे. ती फारशी कुणाला माहीत नसते.

पहिल्यांदाच गिट घेताय म्हणून मी मात्र इन्स्टॉलर हाताने चालवण्यालाही हो म्हणेन, कारण त्याच्या एकामागून एक येणाऱ्या पडद्यांमध्ये तीन निर्णय असे आहेत जे समजून घेतलेले बरे. बाकी सगळीकडे 'नेक्स्ट' दाबलंत तरी चालतं.

पहिला निर्णय एडिटरचा. मूळ पर्याय व्हिम आहे. व्हिम उत्तम आहे, पण ज्याने तो कधी पाहिला नाही त्याला कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) संदेश लिहायला उघडलेल्या त्या खिडकीतून बाहेरच पडता येत नाही. यादीतून व्हीएस कोड किंवा नोटपॅड++ निवडा. आधीच व्हिममध्ये अडकला असाल तर एस्केप दाबा, मग कोलन, क्यू आणि उद्गारचिन्ह टाइप करून एंटर.

दुसरा निर्णय पाथचा, म्हणजे टाइप केलेली कमांड सिस्टिम ज्या फोल्डरांत शोधते त्या यादीचा. तीन पर्याय असतात आणि मधला घ्यायचा: गिट कमांड लाइनवरून आणि इतर सॉफ्टवेअरमधूनही चालेल असा. पहिला घेतलात तर गिट फक्त गिट बॅश या त्याच्यासोबत येणाऱ्या टर्मिनलमध्ये चालेल आणि कमांड प्रॉम्प्ट किंवा पॉवरशेल म्हणेल गिट सापडत नाही. तिसऱ्यावर लाल अक्षरांत इशारा असतो आणि तो खरा आहे, कारण 'फाइंड', 'सॉर्ट' अशा विंडोजच्या स्वतःच्या कमांडच्या जागी युनिक्सच्या कमांड येऊन बसतात. पाथबद्दल आणखी एक. इन्स्टॉल झाल्यावर आधीपासून उघडं असलेलं टर्मिनल आणि व्हीएस कोड बंद करून पुन्हा उघडा. चालू प्रोग्रॅम पाथ सुरुवातीला एकदाच वाचतात. 'गिट ओळखता येत नाही' अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं काम एवढ्यानेच होतं.

तिसरा निर्णय ओळींच्या शेवटाचा, आणि तुमच्यासाठी हाच सर्वांत महत्त्वाचा, कारण तुमचा एकच प्रोजेक्ट तीन सिस्टिमवर फिरणार आहे. मजकुराची ओळ संपली हे विंडोज दोन अदृश्य चिन्हांनी दाखवतं, लिनक्स आणि मॅक एकाने. गिट फॉर विंडोजचा मूळ पर्याय फाइल बाहेर काढताना विंडोजची पद्धत लावतो आणि कमिट करताना युनिक्सची. साध्या कोडसाठी ते ठीक चालतं. पण शेल स्क्रिप्ट असेल आणि ती विंडोजवरून डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या लिनक्स डब्यात चालवणारं साधन) किंवा डब्ल्यूएसएलमध्ये चालवलीत, तर फाइल समोर दिसत असूनही 'इंटरप्रिटर सापडत नाही' असा गोंधळात टाकणारा एरर येतो. कारण पहिल्या ओळीच्या शेवटी ते जादाचं अदृश्य चिन्ह चिकटलेलं असतं. यावर प्रत्येकाच्या मशीनवर सेटिंग तपासत बसण्यापेक्षा प्रोजेक्टच्या मुळाशी डॉट-गिटॲट्रिब्यूट्स नावाची फाइल ठेवा आणि तिच्यात या दोन ओळी लिहा:

* टेक्स्ट=ऑटो
*.एसएच टेक्स्ट ईओएल=एलएफ

ही फाइल रेपॉझिटरीबरोबरच प्रवास करते. त्यामुळे तुमच्या, भावाच्या आणि लॅबच्या मशीनवर एकच नियम लागू होतो, मग इन्स्टॉल करताना कुणी काहीही निवडलेलं असो. इन्स्टॉलरच्या पडद्यावर फार विचार करण्यापेक्षा या फाइलची सवय लावा असं मी आग्रहाने सांगेन.

विंडोजवर आणखी दोन वाटा दिसतात. गिट फॉर विंडोजची पोर्टेबल आवृत्ती पेनड्राइव्हवरूनही चालते आणि तिला ॲडमिन परवानगी लागत नाही. जिथे काही इन्स्टॉल करायला मनाई आहे अशा विंडोज मशीनवर ती कामाची, पण ती पाथमध्ये स्वतःला जोडत नाही आणि तिचं अपडेट तुमच्याच डोक्यावर. दुसरी वाट डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत खरंखुरं उबुंटू. कोर्समध्ये लिनक्सची साधनं रोज लागणार असतील तर जरूर घ्या. फक्त लक्षात ठेवा, डब्ल्यूएसएलच्या आतलं गिट विंडोजच्या गिटपेक्षा पूर्ण वेगळं असतं, त्याची सेटिंग वेगळी, लॉगइनच्या एसएसएच किल्ल्या वेगळ्या. एकाच फोल्डरवर दोघांनी काम करणं टाळा. डब्ल्यूएसएल 2 मधून सी ड्राइव्हवरच्या फाइल हाताळणं हळू होतं, तेव्हा त्याचे प्रोजेक्ट त्याच्याच होम फोल्डरमध्ये ठेवा.

हा लॅपटॉप सोडून घरात कुठे विंडोज 7 किंवा 8 असेल तर तिथे 2.46.2 ही शेवटची आवृत्ती. 2.47 पासूनचं गिट तिथे चालत नाही.

गिटहब डेस्कटॉपबद्दल वेगळं सांगते, कारण त्यावरून बऱ्याच जणांचा घोळ होतो. ते स्वतःचं गिट पोटात घेऊन येतं. ते टाकलं की त्याच्या खिडकीत सगळं चालतं, पण टर्मिनलमध्ये 'गिट' लिहिलंत तर काहीच सापडत नाही, आणि मुलांना वाटतं इन्स्टॉल बिघडलं. व्हीएस कोडचं उलट आहे, त्यात गिटचं पॅनेल असतं पण गिट नसतं. टॉर्टॉइजगिटलाही गिट फॉर विंडोज आधी लागतं. खिडक्यांनी काम करायला माझी काहीच हरकत नाही, फक्त खाली खरं गिट आधी बसवा.

एकापेक्षा जास्त प्रती कुठून येतात तेही इथेच कळतं. व्हिज्युअल स्टुडिओ एक आणतं, कोंडा या पायथनच्या पॅकेज मॅनेजरमधून एक येते, इन्स्टॉलरने एक. मग एका टर्मिनलमध्ये एक आवृत्ती आणि दुसऱ्यात दुसरी दिसते. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'व्हेअर गिट' लिहिलं की पाथवरच्या सगळ्या प्रती दिसतात. पॉवरशेलमध्ये मात्र 'व्हेअर' चा अर्थ निराळा आहे, तिथे 'व्हेअर.ईएक्सई गिट' असं पूर्ण लिहावं लागतं. मॅक आणि लिनक्सवर 'विच -ए गिट'.

भावाचा मॅकबुक. मॅकवर टर्मिनलमध्ये 'गिट --व्हर्जन' लिहिताच, गिट नसेल तर ॲपल स्वतःच विचारतं की कमांड लाइन टूल्स बसवू का. हो म्हणा. तीच गोष्ट 'एक्सकोड-सिलेक्ट --इन्स्टॉल' ने होते. अख्खं एक्सकोड, म्हणजे ॲपलचं प्रोग्रॅमिंगचं मोठं ॲप, घ्यायची अजिबात गरज नाही. कमांड लाइन टूल्समध्ये कंपायलरही असतो, म्हणून डाउनलोड गिटच्या मानाने बरंच मोठं असतं. घरच्या वायफायवर करा, मोबाइलच्या डेटावर नको. यातून मिळणारं गिट ॲपलचं, थोडं मागच्या आवृत्तीचं, आणि कॉलेजच्या कामाला पूर्ण पुरेसं. मॅकओएसचं मोठं अपडेट झालं की कधीकधी गिट अचानक 'एक्सक्रन' ने सुरू होणारा एरर देतं. घाबरायचं नाही, वरची एक्सकोड-सिलेक्टची कमांड पुन्हा चालवायची.

नवी आवृत्ती हवीच असेल तर होमब्रू या मॅकच्या पॅकेज मॅनेजरने 'ब्रू इन्स्टॉल गिट'. पण होमब्रूला स्वतःला कमांड लाइन टूल्स लागतात, म्हणजे मॅकवर दोन प्रती होणारच. माझ्या 'एकच प्रत' या नियमाला हा एक अपवाद. कुठली आधी सापडते हे पाथ ठरवतो: एम मालिकेच्या चिपवर होमब्रू 'ऑप्ट' मधल्या 'होमब्रू' फोल्डरमध्ये बसतं, इंटेलवर 'यूएसआर' मधल्या 'लोकल' मध्ये. मॅक जुना आहे म्हणालात, तेव्हा हेही बघा. होमब्रू मॅकओएसच्या फक्त शेवटच्या तीन आवृत्त्यांना पूर्ण साथ देतं. त्याहून जुन्यावर ते बऱ्याच गोष्टी तिथल्या तिथे कंपाइल करत बसतं आणि लॅपटॉप तापतो. अशा मशीनवर ॲपलचं गिट तसंच राहू द्या, नाहीतर जुन्या सिस्टिमना जास्त काळ सांभाळणारं मॅकपोर्ट्स घ्या. सोर्सफोर्जवर मॅकसाठी जो तयार इन्स्टॉलर सापडतो तो 2021 मध्ये 2.33.0 वर थांबला आहे, तो घेऊ नका.

उबुंटूवर सांगण्यासारखं सर्वांत कमी आहे:

सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी इन्स्टॉल गिट

उबुंटू 22.04 वर यातून 2.34 मिळतं, 24.04 वर 2.43. आकडा जुना वाटला तरी सुरक्षेच्या दुरुस्त्या उबुंटूवाले त्याच आवृत्तीत मागून भरत असतात, आणि सिस्टिम अपडेटबरोबर त्या आपोआप येतात. अगदी नवी आवृत्ती हवी असणाऱ्यांसाठी 'गिट-कोअर' नावाचा पीपीए (उबुंटूला जोडता येणारा पॅकेजचा वेगळा साठा) आहे. लिनक्सच्या इतर प्रकारांपैकी फेडोरावर 'डीएनएफ इन्स्टॉल गिट', आर्चवर 'पॅकमॅन -एस गिट' (यातला 'एस' मोठा). गिटच्या मूळ कोडवरून स्वतः कंपाइल करून बसवण्याचे धडे इंटरनेटवर भरपूर आहेत. शिकण्यासाठी एकदा कराच, मजा येते, पण रोजच्या मशीनवर तशी प्रत ठेवू नका. तिच्यापर्यंत एपीटीचं कुठलंही अपडेट पोचत नाही. लॅबमध्ये तुम्हाला सुडोचे, म्हणजे ॲडमिनचे, अधिकार नसणार. गिट नसेल तर लॅब सांभाळणाऱ्यांना सांगा, त्यांचं दोन मिनिटांचं काम आहे.

आता इन्स्टॉल झाल्यावरची कामं. नाव आणि ईमेल सगळे सांगतात:

गिट कॉन्फिग --ग्लोबल यूजर.नेम "तुमचं नाव"
गिट कॉन्फिग --ग्लोबल यूजर.ईमेल "तुमचा ईमेल"

लॅबमध्ये सगळे विद्यार्थी एकाच लॉगइनने बसत असतील तर तिथे '--ग्लोबल' गाळा आणि हे प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन करा. नाहीतर पुढच्या मुलाचे कमिट तुमच्या नावावर पडतील. मुख्य ब्रांचचं (कामाच्या शाखेचं) नाव गिटहबवर 1 ऑक्टोबर 2020 पासून 'मेन' आहे, पण तुमच्या मशीनवरचं गिट अजून 'मास्टर' देऊ शकतं. 'इनिट.डिफॉल्टब्रांच' ला 'मेन' करून टाका, म्हणजे पहिल्याच पुशला, गिटहबवर काम पाठवताना, दोन वेगळ्या ब्रांच तयार होणार नाहीत.

आणि हे आपल्यासाठी, जे बाहेरच्या मार्गदर्शकांमध्ये क्वचित भेटतं. फाइलचं नाव मराठीत असेल, समजा 'माहिती.टेक्स्ट', तर 'गिट स्टेटस' मध्ये नावाऐवजी \340\244\256 अशी आकड्यांची रांग दिसते. फाइल बिघडलेली नसते. गिट इंग्रजीपलीकडची अक्षरं त्यांच्या बाइटच्या आकड्यांनी दाखवतं, आणि ते \340\244\256 म्हणजे आपला 'म' आहे. ही कमांड दिली की नावं नीट दिसतात:

गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स

कमिटचा संदेश मराठीत लिहायला कुठलीच अडचण नाही, गिट तो यूटीएफ-8 म्हणून साठवतं. विंडोजवर 'गिट लॉग' मध्ये मराठीच्या जागी कोनी कंसांतले ई0, ए4 असे कोड दिसले तर दोष दाखवणाऱ्या 'लेस' या प्रोग्रॅमचा असतो. 'लेसकॅरसेट' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला 'यूटीएफ-8' ही किंमत द्या. व्हेरिएबलचं नाव मात्र सगळं मोठ्या अक्षरांत. आपल्या भाषेत फाइलची नावं आणि संदेश लिहायला कुणी कचरू नये, म्हणून मी नव्या मशीनवर कोटपाथची ओळ नाव-ईमेलच्या लगेच नंतर टाकते.

गिटहबशी जोडताना खात्याचा पासवर्ड चालत नाही, 13 ऑगस्ट 2021 पासून तो बंद आहे. विंडोजवर गिट क्रेडेन्शियल मॅनेजर सोबतच बसतो आणि पहिल्या पुशला ब्राउझर उघडून लॉगइन करून घेतो. उबुंटू आणि मॅकवर एसएसएच किल्ली करणं मला सरळ वाटतं: 'एसएसएच-कीजेन -टी ईडी25519', आणि तयार झालेल्या दोन फाइलपैकी 'पब' ने संपणारीच गिटहबवर चिकटवायची. दुसरी कुणालाही द्यायची नाही, आणि लॅबच्या सामायिक लॉगइनवर ती ठेवायचीच नाही.

विंडोज 11 वर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डर अनेकदा वनड्राइव्हमध्ये गेलेली असतात. रेपॉझिटरी तिथे ठेवू नका. गिट आपल्या आतल्या फाइल भराभर बदलत असतं आणि वनड्राइव्ह त्या वर पाठवायला मागे लागतं, दोघांची ओढाताण होते. सी ड्राइव्हवर 'कोड' नावाचं साधं फोल्डर करा. पेनड्राइव्हवरून प्रोजेक्ट नेत असाल तर कुठेतरी 'डुबियस ओनरशिप' असा एरर दिसेल. 2022 मध्ये 2.35.2 पासून, फोल्डरचा मालक दुसरा दिसला की गिट काम करायला नकार देतं. फोल्डर तुमचंच असल्याची खात्री असेल तर 'सेफ.डिरेक्टरी' मध्ये त्याचा पत्ता घाला. सगळ्यांना मोकळं रान देणारं तारांकन तिथे घालू नका.

तुम्ही म्हणालात की आतापर्यंत दोन-तीन पद्धती करून झाल्या आहेत आणि आता काढायलाही भीती वाटते. बिनधास्त काढा. गिट अनइन्स्टॉल केल्याने प्रोजेक्टचा इतिहास जात नाही, तो प्रत्येक प्रोजेक्टच्या आत डॉट-गिट या लपलेल्या फोल्डरमध्ये असतो. नाव-ईमेलची सेटिंग होम फोल्डरमधल्या डॉट-गिटकॉन्फिगमध्ये राहते आणि नव्याने बसवलेलं गिट तीच उचलतं. 'व्हेअर गिट' ने प्रती शोधा, विंडोजच्या सेटिंगमधून जास्तीच्या काढा, लॅपटॉप एकदा रीस्टार्ट करा आणि मग विंगेटची ती एक ओळ चालवा. एखादा एरर आला तर तो जसाच्या तसा खाली कमेंटमध्ये टाका, सोबत 'गिट --व्हर्जन' चा आकडाही द्या, मी बघते.